हात वर करून दाखवा

खांद्याच्या दुखण्याला समाजात पत नाही. पाय मोडला की प्लास्टर चढतं, प्लास्टरवर भाचरं सह्या करतात, भेटायला येणारा माणूस दारातच चेहरा पाडतो. साध्या सर्दीतसुद्धा निदान नाक लाल होतं. खांदा मात्र आतल्या आत आखडतो आणि बाहेरून आपण ठणठणीत दिसतो. “काय गं, कशी आहेस?” “खांदा फार दुखतोय.” “हो का? अगं, माझा पण!” यानंतरची पंधरा मिनिटं तिच्या खांद्याची असतात.

माझ्या उजव्या खांद्याने असहकार पुकारला तेव्हा मी पडले नव्हते, धडपडले नव्हते, काही जड उचललं नव्हतं. आधी तो नुसता कुरकुरला. मग रात्री त्या कुशीवर झोपू देईना. मग हात पाठीमागे जायचा बंद झाला आणि पाठीवरच्या हुकांचं खातं नवऱ्याकडे गेलं. या माणसाला पाण्याचा पंप खोलून परत जोडता येतो, पण हुक म्हटलं की त्याला चष्मा लागतो, दिवा लागतो आणि माझी पाठ खिडकीकडे लागते. “श्वास धर,” असं मला सांगून तो स्वतःच श्वास धरायचा. हुक लागेपर्यंत दोघंही घामाघूम.

निदान अर्थातच सगळ्यांनी केलं. “मानेचं आहे हे,” शेजारच्या काकूंनी लांबूनच सांगितलं. “सर्व्हायकल. पट्टा लाव.” ऑफिसातल्या एकाने माझा मानेचा एक्स-रे खिडकीशी धरून “मणक्यात गॅप आहे” असं गंभीरपणे जाहीर केलं. तो अकाउंट्सला आहे. मानेत मणके सातच. जिराफालाही सातच असतात, फक्त त्याचे लांबीला भरपूर. चाळिशी उलटलेल्या कितीतरी जणांच्या मानेचा एक्स-रे काढला तर त्या सातांमध्ये कुठे ना कुठे झीज सापडते. मान कधीही न दुखलेल्या माणसांतही सापडते. तेव्हा एक्स-रेत दिसतंय तेच दुखतंय, असं धरून चालता येत नाही. मानेतली शीर दबली तर कळ बहुतेकदा दंडावरून कोपराखाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, मान वळवली की ती वाढते. माझी कळ दंडाच्या बाहेरच्या अंगाला येऊन थांबायची. पण हे ऐकायला काकू थांबल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी मात्र दोनच गोष्टी केल्या. “हात वर करून दाखवा.” मी केला, तो कानापर्यंत जाण्याऐवजी अर्ध्यात थांबला आणि त्याच्या ऐवजी मीच वाकडी झाले. मग कोपर अंगाला चिकटवून त्यांनी स्वतः माझा हात बाहेरच्या बाजूला फिरवायला घेतला. हलला नाही. मला जरा बरंच वाटलं. म्हणजे मीच आळशीपणा करत नव्हते, खांदा डॉक्टरांचंही ऐकत नव्हता! खरी मेख तिथेच आहे. आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, तेव्हा संशय स्नायूंवर किंवा त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या फाटल्या असण्यावर जातो. दुसऱ्यालाही तो फिरवता येत नसेल आणि एक्स-रेत सांधा ठीक दिसत असेल, तर सांध्याचं आवरणच आखडलेलं असतं. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा, त्याची खोबणी उथळ आणि भोवतीचं आवरण चांगलं सैल. ते सैल आवरण सुजतं, जाड होतं आणि गरम पाण्यात धुतलेल्या लोकरी स्वेटरसारखं आटतं. याला म्हणायचं फ्रोझन शोल्डर.

हे नाव बोस्टनचे सर्जन एर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं आणि त्याच दमात लिहून ठेवलं की या दुखण्याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि कारण सांगणंही अवघड. मला हा माणूस एकदम आवडला. नव्वद वर्षं उलटली तरी ते का होतं याचा पुरता उलगडा नाही. होतं बहुधा चाळीस ते साठ या वयात, बायकांना जास्त, मधुमेह असलेल्यांना तर बरंच जास्त, थायरॉइडच्या तक्रारीतही. म्हणून खांदा दाखवायला गेलेल्या माझं रक्त काढून साखर तपासली गेली. हात फार दिवस गळ्यात बांधून ठेवला तरी खांदा असाच रुसतो, त्यामुळे फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर “हलवा” म्हणतील त्या दिवसापासून हलवलेला बरा.

“किती दिवसांत बरा होईल?” मी विचारलं. “दिवसांत नाही, वर्षांत मोजा,” डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. आधी काही महिने दुखत दुखत आखडणार. मग दुखणं कमी, पण हात जागच्या जागी. मग हळूहळू सुटणार. सगळं मिळून एक ते तीन वर्षं, आणि कुणाकुणाचा थोडा ताठरपणा उरतोच. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही आठवडे चांगला आराम पडतो. ते मी घेतलं आणि कित्येक रात्रींनंतर सलग झोपले. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वर जाते, म्हणून ते आधी सांगावं लागतं.

मग सुरू झाली फिजिओथेरपी. फिजिओ वयाने माझ्या मुलीएवढी. गोड हसायची आणि “काकू, अजून थोडं” म्हणत हात ताणायची. ताण सोसला असता, पण ते “काकू”! घरचा अभ्यास वेगळाच. टेबलावर एक हात टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि झुलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. एक बोट दुसऱ्याच्या पुढे, मग दुसरं पहिल्याच्या पुढे, अशी बोटं खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली की तिथे पेन्सिलीने खूण. रंगवलेल्या भिंतीवरच्या त्या खुणा पाहून मुलगी म्हणाली, “मी लहान होते तेव्हा उंची मोजायला दिली नाहीस.” नियम एवढाच की ताण जाणवला पाहिजे, पण व्यायामानंतर तासन् तास ठणकता कामा नये. ठणकला तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. आधी शेकून घेतलं तर हात जरा सहज हलतो.

आणि बाही! हे कुणीतरी शाळेत शिकवायला हवं. कपडा घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. हे कळेपर्यंत मी कुर्ता डोक्यात अडकवून, एक हात छताकडे, एक हात कुठे ते देवाला माहीत, अशी न्हाणीघरात आंधळी फिरत असे.

मधल्या काळात “चोळून घे, मोडून घे” म्हणणारेही भेटले. आखडलेला खांदा हिसडून सुटत नाही, उलट जास्त पेटतो. क्वचित डॉक्टर भूल देऊन तो फिरवतात, पण ते त्यांचं काम. मान कडकन वाजवून घेण्याचं तर नावही काढू नये. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी चिरल्याचे प्रकार दुर्मीळ असले तरी झालेले आहेत.

खांद्याबद्दल मोबाइलवर वाचता वाचता एके सकाळी माझी मान धरली, हा त्यातला उपप्रकार. आपलं डोकं साधारण पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं की मान ६० अंशांत वाकवली तर मणक्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो. मी तर फ्रोझन शोल्डर या विषयावर रात्रभर वाकून होते. धरलेली मान मात्र खांद्याच्या मानाने सज्जन. शेकली, थोडी थोडी वळवत राहिलं, पट्ट्यात जखडून ठेवली नाही, तर बहुधा आठवड्याभरात सुटते. तोवर कुणी हाक मारली की अख्खं धड वळवून बघावं लागतं आणि समोरच्याला उगाच आपला राग आल्यासारखं वाटतं.

गंमत बाजूला ठेवायच्या जागा थोड्या आहेत. डाव्या खांद्यात कळ आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर भिंत चढत बसू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. मान दुखताना हातातली पकड सैल होऊ लागली, चालताना झोक जाऊ लागला, किंवा तापात मान ताठरली, तरी तेच. कुणी उंचावरून पडला आणि मान दुखते म्हणाला तर त्याला उठवून बसवायला जाऊ नये. तो आहे तिथेच राहू दे, मदत बोलवावी.

माझा खांदा आता सुटत चाललाय. परवा डॉक्टर म्हणाले, “हा खांदा पुन्हा सहसा आखडत नाही.” मी निघाले तेवढ्यात पुढचं ऐकू आलं, “काहींचा काही वर्षांनी दुसरा मात्र आखडतो.” तेव्हापासून मी डाव्या खांद्याशी फार अदबीने वागते. पर्स त्याच्यावर टांगत नाही, फोन त्याच्यात आणि कानात दाबून धरत नाही. त्याच्या देखत उजव्याचं फारसं कौतुकही करत नाही.