गाडी भन्सार

भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. १९५०च्या करारापासून ये-जा खुली. आमच्यासमोरून एक आजी काखेत कोंबडी धरून कमानीखालून पलीकडे गेल्या. त्यांना कुणी हटकलं नाही. कोंबडीलाही नाही. अडली ती आमची वॅगनार.

गाडीला भन्सार लागतो. भन्सार म्हणजे तिकडचं कस्टम. आपली गाडी जितके दिवस नेपाळात राहणार तितक्या दिवसांचे पैसे आधीच भरायचे, आणि वर्षाकाठी तीस दिवसांच्या वर मुक्काम नाही. हे सगळं मी साताऱ्याहून निघण्याआधीच वाचून, छापून, फोल्डरात लावून ठेवलं होतं. नुसत्या पीयूसीच्या तीन झेरॉक्स. (नाका कोणता ते विचारू नका. परत त्याच वाटेनं यायचं होतं, तेव्हा जी गप्प बसायची सवय लागली ती लागलीच.)

खिडकीतल्या गृहस्थांनी आरसी पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा आरसी पाहिलं.

"दाइ, मालिक खोइ?"

दाइ म्हणजे थोरला भाऊ. सकाळी पहिल्यांदा ही हाक आली तेव्हा मी मागे वळून कोण सुईण उभी आहे ते बघितलं होतं. एव्हाना सरावलो होतो. पण मालक? गाडी सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे साताऱ्यात. मालक सोबत नसेल तर त्याचं सहीनिशी संमतीपत्र हवं. फोल्डरात लायसन्स होतं, विमा होता, मुलाचं शाळेचं ओळखपत्रसुद्धा होतं. सासरे तेवढे नव्हते.

फोन लावायला रेंज हवी, आणि रेंज भारतात. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, त्यामुळे फोन बिचारा गांगरलेला. चार पावलं पुढे गेलं की तीन पन्नास, मागे आलं की तीन पस्तीस. एका जागी फोन लागला.

"बाबा, गाडी भन्सार करायचीय. तुमची संमती हवी."

"काय करायचीय?"

"भन्सार."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"जावईबापू, तेरा वर्षं सांभाळली मी ती गाडी. एक सर्व्हिसिंग चुकवलं नाही. आणि तुम्ही तिला परमुलखात नेऊन भंगारात काढताय? किती देतोय तो?"

"तो देत नाही बाबा, आपणच द्यायचेत."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

बायकोनं फोन हिसकावला. "बाबा, भंगार नाही हो! भ-न्-सा-र! भटजीतला भ, नळातला न!" नाक्यावरचे चार ट्रकवाले आणि एक सायकलरिक्षावाला मन लावून ऐकत होते. अर्ध्या तासानं व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो आला. तो शेजारच्या दुकानात छापून घेऊन धावत गेलो तर खिडकी रिकामी. साहेब खाजा खायला गेलेले. खाजा म्हणजे तिकडे मधल्या वेळचं खाणं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र जत्रेतला आल्या-गुळाचा मालवणी खाजा, आणि सकाळपासून पोटात फक्त चहा.

साहेब आले. लिपी एकच असल्यानं त्यांनी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. "भन्सार अधिकारी साहेब यांसी, सा. न. वि. वि. सदर गाडी माझी असून जावयास काही दिवस वापरण्यास दिली आहे. दुसऱ्या गिअरला आवाज येतो, तरी घाबरू नये. गाडी सावलीत लावावी. क्लच अलगद सोडण्यास जावयास आपणही सांगावे."

'सा. न. वि. वि.' हा कुठला कायदा, असं त्यांनी विचारलं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, म्हणून सांगितल्यावर ते खुर्चीत किंचित ताठ झाले. बाकीचा मजकूर किती कळला देव जाणे. पण शिक्का मारून कागद देताना त्यांनी पाय हळूच वर उचलून क्लच सोडल्याची खूण केली.

बाबांच्या जिवाला घोर नको म्हणून परमिटचा फोटो लगेच पाठवला. तिकडे सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, हे सांगायचं राहून गेलं. कागदावर मुदत होती २९ कार्तिक २०८१.

रात्री लुंबिनीत पोचल्यावर त्यांचं उत्तर दिसलं.

"सत्तावन्न वर्षं ठेवणार असाल तर टायर बदलून घ्या."