आमचं चर्च जिथे मोठं आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा असावा हे सुचवायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तेव्हापासून वसईहून फोन आला की पाऊसपाणी, केळीचा भाव, कुणाचं लग्न ठरलं हे सगळं झाल्यावर पुतण्या हमखास विचारतो, "फादर, तुमच्याकडे कसं आहे?" त्याला दोनपैकी एक उत्तर हवं असतं. इकडे आपल्या लोकांना मोकळीक आहे म्हटलं तर त्याला हेवा वाटेल. इकडेही त्रासच आहे म्हटलं तर तेवढाच धीर येईल. माझं उत्तर या दोन्हींत बसत नाही. इथे वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादमध्ये आपण कॅथलिकच मोठे आहोत, आणि मोठेपणाच्या काळात आपण काय केलं त्याची नोंद इथल्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

दक्षिण त्रिनिदादमधल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी पाहुणा धर्मगुरू आहे. स्थानिक धर्मगुरू पुरत नाहीत म्हणून आमच्यासारखे भारतातून, आफ्रिकेतून येतात, काही वर्षं राहतात आणि परत जातात. एक मोठं चर्च आणि त्याला जोडलेली छोटी प्रार्थनामंदिरं, असा माझा संसार. आमचा हा भाग तेलाचा. पॉइंट-ए-पिएरची रिफायनरी २०१८ साली बंद झाली, हजारोंची नोकरी गेली, आणि अजूनही रविवारच्या दानपेटीत ते दिसतं. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मग आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, दुपारी शाळा, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. वसईत होतो तेव्हाही दिवस असाच जायचा. फरक एवढाच की इथे रविवारच्या गायनाला स्टील पॅन असतो. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून घडवलेलं हे वाद्य २०२४ मध्ये अधिकृतपणे राष्ट्रीय वाद्य झालं. पहिल्यांदा ते वेदीशेजारी ऐकताना मला मिस्सेत लक्ष ठेवणं जड गेलं होतं.

माझा सर्वांत जास्त वेळ जातो मयतात. म्हातारं माणूस गेलं की घरी रात्री जागर होतो. कॉफी, बिस्किटं, रम, पत्त्यांचा डाव आणि मधूनमधून भजनं. फादरने येऊन प्रार्थना म्हणायची आणि मग लगेच न उठता बसायचं, अशी अपेक्षा असते. मला पत्ते येत नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या कंपूत मी कॉफी ओतणारा. पण तरुणांची मयतं वेगळी. चौदा-पंधरा लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली सहाशेवर खून झाले. वर्ष संपता संपता आणीबाणी पुकारावी लागली. शवपेटीभोवती मृताच्या चेहऱ्याचे टी-शर्ट घातलेली विशीतली मुलं उभी असतात. त्यांतल्या कुणाला पुढचा फोन येणार हे त्यांनाही ठाऊक असतं, मलाही. धर्मांतराच्या वादावर मत विचारणारे फोन कधीकधी अशा दिवशी येतात, तेव्हा मी जरा तुसडा बोलतो.

आता मोठेपणाविषयी. २०११ च्या जनगणनेत कॅथलिक २१.६ टक्के, हिंदू १८.२ टक्के, मुसलमान ५ टक्के. म्हणजे बहुमत कुणाचंच नाही, पण एकाच पंथाचा सर्वांत मोठा गट आमचा. महागुरुस्वामी (आर्चबिशप) बोलले की बातमी होते. ख्रिस्तदेहाच्या सणाला, ज्याची महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसालाही ऑफिसातून रजा मागावी लागते, अख्ख्या देशाला सुट्टी असते. मिरवणुकीला पोलीस स्वतः येऊन रस्ता अडवतात. दिवाळी, ईद आणि भारतीय आगमन दिन यांचीही सुट्टी आहे. हा आगमन दिन ३० मेचा, १८४५ साली 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, उतरले त्या दिवसाचा. त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं आली. जहाजं कलकत्त्याहून आणि मद्रासहून सुटायची, मुंबईहून नाही. म्हणून मॉरिशससारखी मराठी वस्ती इथे नाही आणि मला मराठीत भांडायला कुणी मिळत नाही.

इथल्या लोकांना माझं कोडं पडतं. भारतीय दिसतो, पण धर्मगुरू कसा? इथल्या भारतीय वंशाच्या ख्रिस्त्यांत प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे पुष्कळ. "तुझे आईवडील कधी आले आपल्यात?" असं एका आजींनी विचारलं. साडेचारशे वर्षं झाली म्हटलं, तर त्यांना ती थट्टा वाटली.

या प्रेस्बिटेरियनांची गोष्ट मी पुतण्याला सविस्तर सांगितली, कारण आपल्याकडच्या वादाचा सगळा मसाला तिच्यात आहे. १८६८ साली जॉन मॉर्टन नावाचे कॅनेडियन मिशनरी इथे स्थायिक झाले. हिंदी शिकले, ऊसमळ्यातल्या मजुरांच्या पोरांसाठी शाळा काढल्या. सरकारी आणि इतर चर्चच्या शाळांत त्या पोरांना कुणी विचारत नव्हतं. शाळेत मास्तर व्हायचं तर बाप्तिस्मा झालेला बरा, हे काही कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. त्यात आमिष होतं का? माझ्या मते होतं. भुकेल्या घरातल्या मुलासमोर पाटी आणि पगार ठेवला आणि त्या वाटेवर चर्चचं दार असलं, तर त्या निवडीला पूर्ण मोकळी निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच शाळांतून वकील, डॉक्टर, शिक्षिका निघाल्या, हेही तितकंच खरं. सॅन फर्नांडोचं नापारिमा कॉलेज आजही देशातल्या नावाजलेल्या शाळांपैकी एक आहे आणि तिथे हिंदू मुलं खुशाल शिकतात.

याला हिंदूंनी दिलेलं उत्तर मला आपल्याकडे फारसं कुणी सांगताना दिसत नाही. १९५२ मध्ये भदासे सागन महाराज या खटपट्या पुढाऱ्याने सनातन धर्म महासभा उभी केली आणि काही वर्षांतच गावोगाव शाळा बांधल्या. टीकाकारांनी त्यांना 'गोठे' म्हणून हिणवलं. गोठ्यांत मुलं बसली, शिकली, आणि शिकण्यासाठी नाव बदलायची गरज उरली नाही. १९६० साली सरकार आणि धर्मसंस्था यांच्यात करार झाला. पगार सरकार देणार, शाळेचा धार्मिक बाज संस्था राखणार. कॅथलिक, हिंदू, मुस्लिम, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांना एकच नियम. या संस्थांच्या माध्यमिक शाळेत वीस टक्के जागा मुख्याध्यापकांच्या हातात असतात. त्यावर दरवर्षी ओरड होते, आणि ती रास्तही आहे. आमच्या शाळेत त्या वीस टक्क्यांसाठी माझ्याकडे येणारी शिफारसपत्रं वाचली तर पुण्यातल्या एखाद्या नामवंत शाळेची आठवण व्हावी.

कायद्याचा रस्ताही इथे चालून झालेला आहे. १९१७ साली, म्हणजे गिरमिटियांची जहाजं थांबली त्याच वर्षी, वसाहतीच्या सरकारने 'शाउटर' बाप्टिस्टांच्या उपासनेवर बंदी घातली. आफ्रिकी वंशाच्या गरीब लोकांचा हा पंथ. बायबल ख्रिस्त्यांचं, पण अंगात येणं, नाचणं, मोठ्याने गाणं त्यांच्या पूर्वजांचं. तक्रार आवाजाची होती. भोंग्यांचा वाद ऐकलेल्या मराठी माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. पण कायद्याने आवाज मोजला नाही, लक्षणं मोजली. डोक्याला पांढरं फडकं, हातात पेटती मेणबत्ती, मधूनमधून घंटा, हातात फुलं, जमिनीवर खडूच्या खुणा. मेणबत्ती, घंटा आणि फुलं माझ्या वेदीवर रोज असतात. मला कुणी पकडलं नसतं, कारण माझ्या चर्चला दगडी भिंती होत्या आणि त्यात गव्हर्नरचे पाहुणे बसायचे. हिंदूंचंही काही बरं चाललं नव्हतं. पंडितासमोर लागलेलं लग्न इथे १९४५ पर्यंत कायद्याने लग्नच नव्हतं, त्यामुळे पोरं कागदोपत्री अनौरस.

चौतीस वर्षं ही बंदी टिकली. लोक रानात, टेकडीवर, रात्री जमायचे. पोलीस धाड घालायचे, दंड व्हायचा, आणि पंथ काही संपला नाही. ३० मार्च १९५१ ला कायदा रद्द झाला. १९९६ पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. माझ्या रविवारच्या मिस्सेला येणाऱ्यांपैकी काहींच्या आज्या त्या टेकड्यांवर गेल्या होत्या. काही घरांत सकाळी माझ्याकडे आणि रात्री तिकडे असं आजही चालतं. पहिल्या वर्षी मी त्यावर प्रवचन देणार होतो. जुन्या सिस्टरांनी विषय बदलायला सुचवलं, आणि ते बरंच झालं.

आमच्या चर्चच्या प्रतिष्ठित मंडळींना तेव्हा ही बंदी खटकल्याचं मला कुठे आढळलं नाही. वसईच्या माणसाने यात नवल मानू नये. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, बाटलेल्यांच्या अंगणातल्या तुळशीपासून लग्नातल्या विड्यापर्यंत बंदीची यादी काढली. आज जवळजवळ तीनशे वर्षांनी गोव्यातला कॅथलिक लग्नाआधी रोस समारंभ करतो, हळदीऐवजी नारळाचं दूध लावतो आणि ओव्या गातो. फर्मान अभिलेखागारात राहिलं.

म्हणून मध्य प्रदेश किंवा उत्तर प्रदेशात धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याचा नियम वाचतो, तेव्हा मला आधी आमच्या लोकांची नव्हे, त्या जिल्हाधिकाऱ्याची काळजी वाटते. माणसाच्या मनात काय आहे ते त्याने कसं ओळखायचं? तोही शेवटी फडकं, मेणबत्ती, घंटा अशीच लक्षणं मोजणार. पालघरच्या पाड्यावर कुणी तांदूळ देऊन बाप्तिस्मा देत असेल, तर ते मला धर्मगुरू म्हणून लाजिरवाणं वाटतं आणि तसं मी आमच्याच बैठकांत बोललोही आहे. पण त्या पाड्यावर रेशनचा तांदूळ वेळेवर पोचला आणि आश्रमशाळेत मास्तर हजर असला, तर तांदूळ देणाऱ्याचा धंदा आपोआप बसतो. भदासे महाराजांना हे कळलं होतं. ते काही संत नव्हते, राजकारणात भरपूर हाणामाऱ्या केलेले गृहस्थ होते.

पुतण्या म्हणतो, तुमचा देश वसई-विरारएवढा, तिथलं इथे कशाला? लोकसंख्येपुरतं त्याचं खरं आहे. शिवाय इथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही. निवडणुकीत आफ्रिकी एका पक्षाला आणि भारतीय दुसऱ्याला, हे गणित घरातल्या पोरालाही येतं, आणि मतदानाच्या आठवड्यात माझ्या धर्मग्रामातले दोन बाक एकमेकांकडे बघत नाहीत. संविधानाच्या प्रस्तावनेतच देवाचं श्रेष्ठत्व मानलेलं आहे, म्हणजे आपल्या अर्थाने हा देश धर्मनिरपेक्षही नाही.

तरी सिपारियाचा गुरुवार मी त्याला दाखवणार आहे. तिथल्या चर्चमध्ये 'दिव्य मेंढपाळीण' मारियेची सावळी मूर्ती आहे, काळेभोर लांब केस असलेली. हिंदू तिला सिपारी माई म्हणतात. इस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आणि गुड फ्रायडेला हजारो हिंदू येतात. मूर्ती हॉलमध्ये ठेवलेली असते. तांदूळ, तेल, फुलं, सोन्याची एखादी बांगडी वाहतात, आवारात तान्ह्यांचं जावळ काढतात, बाहेर रांगेत बसलेल्या गरिबांना दान देतात. मी मदतीला गेलो तेव्हा एका बाईंनी मला पंडितजी म्हणून नमस्कार केला आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितला. ठेवला. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला इस्टरनंतरच्या फेस्ताला हिंदू तेल वाहतात, ती शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून. इथेही माईचं फेस्त इस्टरनंतरच. कुरकुर दोन्ही बाजूंनी असते. काही पंडित म्हणतात, चर्चमध्ये कशाला जाता. आमच्यातले काही म्हणतात, पवित्र आठवड्यात हॉल त्यांना कशाला देता. हॉल दरवर्षी दिला जातो.

सध्या माझ्यापुढे एक साधा कागद आहे. आमच्या एका प्रार्थनामंदिराशेजारच्या मोकळ्या जागेत स्पिरिच्युअल बाप्टिस्टांनी, म्हणजे त्याच 'शाउटर' पंथाच्या लोकांनी, तंबू ठोकलाय. शनिवारी संध्याकाळी त्यांची घंटा आणि आमची मिस्सा एकाच वेळी सुरू होते. धर्मग्राम परिषदेने पोलिसांत द्यायचा तक्रार अर्ज तयार केलाय, सही धर्मगुरूची लागते. अर्जात पहिलाच शब्द 'गोंगाट' आहे. सही करणार नाही असं मी सांगितलं, तर परिषदेतले दोघे रागावून उठून गेले. त्यांचंही चूक म्हणवत नाही, शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना वाचन खरंच ऐकू येत नाही. उद्या तंबूतल्या मदरना, म्हणजे त्यांच्या पंथातल्या वडीलधाऱ्या बाईंना, भेटून घंटा अर्धा तास पुढे ढकलता येईल का ते विचारणार आहे. नाही म्हणाल्या तर मिस्सा पाचची करावी लागेल, आणि पाचला फुटबॉलची मॅच असते.