सव्वीस तासांचा गुरुवार

"गुरुवार २६ तासांचा कसा काय?"

हा प्रश्न काकांनी मला परवा संध्याकाळी विचारला, घरातल्या सगळ्यांसमोर. मी हसून वेळ मारून नेली. तेव्हाचं ते हसू खोटं होतं, आणि खरं अजून आलेलं नाही.

काका जन्मभर हिशेबतपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण छापील आकड्यांचा उभा रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. दोन दिवसांसाठी आले होते. पेपर वाचून संपला होता. माझ्या टेबलावर आठवड्याच्या कामाच्या तासांचा तक्ता पडला होता. बाकी काही घडायला लागत नाही.

आपला वेळ जातो कुठे, हे शोधायचा नाद मला वर्षभरापूर्वी लागला. पहिल्यांदा ॲक्टिव्हिटीवॉच बसवलं. कोणती खिडकी किती वेळ उघडी होती याची ते गुपचूप नोंद ठेवतं, आणि ती नोंद आपल्याच संगणकावर राहते. सगळं चांगलं. फक्त माऊस आणि कीबोर्ड ३ मिनिटं हलले नाहीत, की तुम्ही जागेवर नाही असं ते ठरवतं. मी छापील मजकूर हातात धरून एका वाक्यावर अडून बसलेलो असायचो, आणि त्याच्या लेखी मी नसायचोच. विचार करणं म्हणजे गैरहजेरी. (ऑफिसातही हेच मत आहे, पण तिथे निदान त्याचा रंगीत आलेख काढत नाहीत.) ती मर्यादा वाढवता येते हे मला फार उशिरा कळलं. तोवर विचार करताना माऊस गोल गोल फिरवायची सवय लागली होती. अजून फिरवतो.

मग टाइमवॉरियर. तेही वेळ मोजतं, पण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून चालतं, आणि शिस्तीचं आहे. एकाच वेळेवर दोन कामं चढवायला गेलात की साफ नकार देतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता, आता येत नाही. रोजनिशीसाठी जेआरएनएल घेतलं. त्यात ओळीच्या सुरुवातीला 'यस्टरडे' लिहून कोलन दिला की नोंद कालच्या तारखेला जाऊन बसते, त्यामुळे आळशी माणसाचीही रोजनिशी रोजची दिसते. वर मी तिला पासवर्ड घातला आणि विसरलो. तो विसरला की विषय संपला, मागचं दार नाही. माझ्या दोन महिन्यांच्या भावना कुलूपबंद पडून आहेत. त्यात काय होतं ते मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून अडलंही नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

शेवटी ऑर्ग-मोड. ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या पोटात चालणारं हे प्रकरण कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये सुरू केलं. एका साध्या मजकुराच्या फायलीत कामांची यादी, घड्याळ आणि रोजनिशी, सगळा संसार एकत्र. कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय दाबलं की घड्याळ सुरू, आणि शेवटी आयच्या जागी ओ दाबलं की बंद. मी आय कधी विसरत नाही. ओ विसरतो. माणूस उठून गेल्यावर 'घड्याळ चालूच आहे, काय करू?' असं विचारायची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करायची राहिली, कारण अख्खा रविवार मी अक्षरांचे रंग ठरवण्यात घालवला होता.

तर बुधवारी संध्याकाळी ऑफिसच्या संगणकावर मी ओ विसरलो. गुरुवारी घरून काम केलं, घरच्या संगणकावर वेगळं घड्याळ लावलं. शुक्रवारी ऑफिसात जाऊन ओ दाबलं. दोन्हीकडच्या नोंदी एका फायलीत आल्या. ऑफिसच्या पोर्टलवर तास भरायचे होते म्हणून ती फाईल मी छापली, न बघता.

"बस," काका म्हणाले. ते माझ्या खुर्चीवर होते, म्हणून मी पलंगाच्या कडेवर बसलो.

"सोमवार. 'किरकोळ', ३ तास ४० मिनिटं. किरकोळ एवढं थोरलं असतं?"

"बारीकसारीक कामं असतात काका. मेल वगैरे."

"तपशील?"

"नाही ठेवला."

कडेला लाल फुली पडली. "मंगळवार. 'मीटिंग', १ तास ५०. निष्पन्न?"

"काही नाही."

"काही नाही, असं इथे लिहिलेलं नाही."

"तसं लिहायची पद्धत नसते."

"माणसं किती होती?"

"अकरा."

काकांनी पेन्सिल न टेकवता मनातच गुणाकार केला. "२० तास १० मिनिटं. ज्यानं बोलावली त्याच्या नावावर टाक."

"टाकता येत नाहीत. ज्याचे त्याच्या नावावर पडतात."

"म्हणजे उधळायचं एकानं, आणि नावे पडणार अकरा जणांच्या?"

इथे मला काका फार आवडले. मी जोरात बोलायला लागलो. म्हटलं, बघा ना, ही सगळी घड्याळं बनवणाऱ्यांनी माझी खिडकी मोजली, माझा माऊस मोजला, मी खुर्चीवर आहे की नाही ते मोजलं. 'दोन मिनिटं आहेत का?' म्हणत माझ्या टेबलाशी पाऊण तास उभा राहणारा माणूस एकाही तक्त्यात सापडत नाही. तो पाऊण तास माझ्याच 'किरकोळ'मध्ये जातो. चोरी त्यानं करायची आणि...

"गुरुवार," काका म्हणाले. "२६ तासांचा कसा काय?"

मी दोन संगणकांची हकिकत सांगितली.

"गुरुवारी ऑफिसात होतास?"

"नाही, घरी."

"मग ऑफिसच्या मशीनचे चोवीस वजा." त्यांनी ते सावकाश खोडले. इतकं सावकाश खोडायची काही गरज नव्हती. "शिल्लक दोन."

आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "गुरुवारी तर मान वर करायला फुरसत नव्हती ना रे तुला?"

तिला उत्तर द्यायच्या आत काकांनी पान उलटलं. रोजनिशी त्याच फायलीत असते, आणि छापताना ती वगळायचं मी विसरलो होतो. काकांनी खणखणीत आवाजात वाचलं, "'गुरुवार. आज दिवसभर मन लावून काम केलं. थकलो, पण समाधान आहे.'" मग चष्मा काढला. "दोन वह्यांचा मेळ नाही. यातली खरी कुठली?"

मी ल्युबिश्चेवला मध्ये घातलं. हा रशियन कीटकशास्त्रज्ञ १९१६ पासून १९७२ मध्ये मरेपर्यंत रोजच्या वेळेचा जमाखर्च लिहीत होता. कशावर किती वेळ गेला ते रोज टिपायचा, मधली विश्रांती वजा करून निव्वळ कामाचे तास काढायचा, आणि वर्षाअखेरीस सगळ्याची बेरीज करायचा. युद्धं झाली, राजवट बदलली, ह्याची वही चालूच. संगणक नाही, ओ दाबायची भानगड नाही. मला वाटलं, काका खूश होतील.

"त्याची वही तपासायचं कोण?"

"तो स्वतःच."

"मग राहू दे."

"असली चूक पकडायची सोय नाही का ह्यात?" हे त्यांनी थोडं मऊपणानं विचारलं, आणि मी फसलो. सोय आहे. एखादी नोंद १० तासांच्या वर गेली, दोन नोंदी एकमेकींवर चढल्या, मध्ये ५ मिनिटांहून मोठी पोकळी राहिली, की ऑर्ग-मोड नेमकं तिथे बोट ठेवतं. माफी फक्त पहाटे ४ वाजताच्या पोकळीला, कारण त्या वेळी माणूस झोपलेला असणार, असं त्यानं गृहीत धरलेलं आहे.

काका ताठ झाले. "पहाटे चारला मी रोज जागा असतो."

"काका, ते बदलता येतं."

"मुळात ठरवलं कुणी?"

"बनवणाऱ्यांनी."

"त्यांना पत्र लिही. म्हणावं, चारला जागी असणारी माणसंही आहेत, आणि ती रिकामी बसलेली नसतात."

लिहिणार काय, कपाळ? विकत घेतलेल्या वस्तूबद्दल निदान तावातावानं फोन तरी करता येतो. इथे माणसांनी आपले रविवार घालून ती फुकट दिलेली, आणि परवान्यात स्वच्छ सांगितलेलं की कसलीही हमी नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उघडा आहे. खटकलं तर स्वतः दुरुस्त करा. हे ऐकायला फार उदात्त वाटतं, पण रागावायलासुद्धा कुणी शिल्लक राहत नाही. राहतो तो मी, ओ न दाबलेला.

काकांनी पानाच्या तळाशी 'खुलासा अपेक्षित' असं लिहून तारीख घातली. मी म्हटलं, ठीक आहे, आता खरं तेच भरतो. त्यांच्यासमोरच पोर्टल उघडलं आणि गुरुवारच्या चौकटीत २ लिहिलं. चौकट लाल झाली. आठपेक्षा कमी तास असतील तर वरिष्ठांची मंजुरी जोडा. गंमत म्हणून २६ लिहून बघितलं. तेही लाल. मग मला दिसलं की मी हात लावायच्या आधी तिथे फिकट अक्षरांत ८ लिहिलेलंच होतं. सोमवारीही ८, मंगळवारीही ८, पुढच्या महिन्यातल्या प्रत्येक दिवशीही ८.

मी ८ लिहिलं. हिरवी खूण आली.

काका बराच वेळ ती खूण बघत राहिले. मग पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "बघ, ह्याला म्हणतात दप्तर. दिवस उगवायच्या आधीच मेळ लावून ठेवलाय."