फर्मवेअर व्हीएमचं असतं, होस्टचं नाही

शनिवारी रात्रीचे पावणेदोन. बारा ते चारची कामाची विंडो मिळवण्यासाठी मी तीन आठवडे लोकांच्या मागे लागले होते. जुन्या होस्टच्या रॅमची एक पट्टी ईसीसी एरर (मेमरीतल्या चुकांचे इशारे) टाकत होती. त्या होस्टवरच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरवरच्या, चौदा व्हीएम (आभासी यंत्रं) चालू असतानाच नव्या होस्टवर न्यायच्या, पट्टी बदलायची, झोपायला जायचं, एवढंच काम. नऊ गेल्या. सगळ्या सीबायॉसवाल्या (जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्राम), जुन्या, साध्या. एकापाठोपाठ एक पलीकडे जाऊन बसल्या. दहावी यूईएफआयवाली, नव्या पद्धतीच्या फर्मवेअरची. ती पाठवली आणि दोन सेकंदांत परत. कारण? ओव्हीएमएफची, म्हणजे व्हीएमच्या यूईएफआय फर्मवेअरची, फाइल सापडत नाही.

पाच वर्षं ज्या पाथवर ती फाइल बसलेली आहे, त्या पाथवर नव्या होस्टवर काहीच नाही. नव्या होस्टवर लिनक्स डिस्ट्रोचं नवं रिलीज टाकलेलं, आणि त्यात पॅकेज करणाऱ्यांनी २ एमबीच्या इमेज काढून टाकलेल्या. ४ एमबीच्या तेवढ्या ठेवल्या, त्याही वेगळ्या नावाने. व्हेरिएबल्सना (फर्मवेअर लक्षात ठेवतं त्या बूट एन्ट्री, किल्ल्या वगैरे) जागा पुरत नव्हती, म्हणून ४ एमबी आलं, हे मला कळतं. नव्या व्हीएमना ४ एमबी द्या, माझी काही तक्रार नाही. पण जी व्हीएम २ एमबीवर जन्मली आणि आज चालू आहे, तिने कुठे जायचं?

माझ्याबरोबर ड्युटीवर असलेल्या मुलाने तोवर मदत म्हणून जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नुसतं नाव) ४ एमबीच्या फाइलीला जोडली होती. "मॅडम, आता मिळेल फाइल, परत मारा." मी मारली. साइज मिसमॅच, सिस्टम डॉट फ्लॅश झिरो, म्हणजे फर्मवेअरचा कोड. आकडे हेक्समध्ये. ते उलगडले तर एकीकडे १९६६०८० बाइट, दुसरीकडे ३६५३६३२. आणि मी त्या मुलावर ओरडले. खूप ओरडले. नाव जुळवलं की वस्तू जुळली असं मानणाऱ्या सिमलिंकांचा मला आधीपासूनच संताप आहे. फर्मवेअरच्या डिरेक्टरीतली सिमलिंक तर मी कुणाला माफ करत नाही. पण चूक त्या पोराची नव्हती. सकाळी फोन करून त्याची माफी मागितली.

मग जुन्या होस्टवरून कोडची फाइल उचलून नव्यावर त्याच पाथवर ठेवली. परत मायग्रेट. परत साइज मिसमॅच. या वेळी फ्लॅश वन! म्हणजे कोड जुळला, आता व्हेरिएबल्स अडले: १३१०७२ विरुद्ध ५४०६७२. कारण पलीकडे एनव्हीरॅमची, म्हणजे व्हेरिएबल्स साठवणारी, फाइल ज्या टेम्प्लेटवरून बनते, ते टेम्प्लेटही ४ एमबीवालंच. तेही नेऊन ठेवलं. तेव्हा कुठे सव्वातीनला दहावी व्हीएम गेली. अजून चार होत्या आणि हातात पंचेचाळीस मिनिटं. दोन नेल्या. उरलेल्या दोन तिथेच आहेत आणि ती पट्टीही अजून तिथेच आहे.

सोमवारी आमचे साहेब विचारतात, "अगं, लाइव्ह मायग्रेशन सीमलेस असतं ना?" सीमलेस या शब्दाचीच मला चीड आहे. हा शब्द स्लाइडवर लिहिणाऱ्याने रात्री दोन वाजता कधी फ्लॅश वन वाचलेलं नसतं. सर, रॅम इकडून तिकडे कॉपी होते हे खरं, आणि ते सुंदर काम आहे. पण दोन्ही बाजूंचं यंत्र व्हीएमच्या नजरेत सारखं असेल तरच. फ्लॅशसुद्धा क्यूएमूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने मेमरीचाच एक ब्लॉक. तोही प्रवास करतो, आणि व्हेरिएबल्सचा ब्लॉक तर पलीकडे पोचल्यावर फाइलीत लिहिला जातो. १२८ केबीचा ब्लॉक ५२८ केबीच्या खाचेत बसत नाही, बसूही नये.

मुद्दा एवढाच आहे आणि तो कुणी ऐकून घेत नाही. फर्मवेअरची फाइल व्हीएमच्या अंगाचा भाग आहे. डिस्क जशी तिची, तशी ही तिची. तरीही आपण ती होस्टच्या पॅकेज मॅनेजरच्या हवाली केली आहे, आणि तो मंगळवारच्या अपडेटमध्ये ती बदलतो, हलवतो, पुसतो. कुणी व्हीएमची डिस्क अशी अपडेटमध्ये बदलली तर किती गदारोळ होईल!

दोन वर्षांपूर्वीचं अजून विसरले नाही. एका फाइल सर्व्हरची व्हीएम बंद करून हलवली होती. डिस्क शेअर्ड स्टोरेजवर, एक्सएमएल (व्हीएमचं वर्णन असलेली फाइल) नेलं, सगळं व्यवस्थित. एनव्हीरॅमची फाइल मात्र जुन्या होस्टच्या स्थानिक डिस्कवर, व्हार लिब लिबव्हर्ट क्यूएमूच्या आत पडून राहिली. लिबव्हर्टने (क्यूएमूचा कारभार बघणाऱ्या सॉफ्टवेअरने) टेम्प्लेटवरून कोरी फाइल बनवली, बूट एन्ट्री गेली, आणि व्हीएम थेट यूईएफआय शेलमध्ये उभी राहिली. ऑफिस उघडायला चाळीस मिनिटं होती. विंडोज ११ च्या व्हीएमचं तर आणखी वाईट. टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी चिप) हवं म्हणून एसडब्ल्यूटीपीएम, म्हणजे त्या चिपची सॉफ्टवेअर नक्कल, लावलेलं, त्याची स्थिती वेगळ्याच डिरेक्टरीत. ती न नेता व्हीएम उघडली की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की ज्याच्याकडे असते तो माणूस सुट्टीवर असतो.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणं! मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपायला लागते. लोक म्हणतात, ओव्हीएमएफचं पॅकेज अपडेट केलं की झालं. नाही झालं. जुन्या व्हीएमच्या व्हेरिएबल्सची प्रत तिच्या जन्माच्या दिवशी निघालेली असते. टेम्प्लेट बदलल्याने त्या प्रतीत काही बदलत नाही. प्रत्येक व्हीएमच्या स्वतःच्या प्रतीत किल्ल्या बदलाव्या लागतात. पुन्हा तेच: ती फाइल तिची आहे.

सीपीयूचं दुखणं तर जुनंच. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये टीएए (इंटेलच्या सीपीयूतली माहिती गळण्याची त्रुटी) उघड झालं आणि कर्नलवाल्यांनी टीएसएक्स (सीपीयूतली ती गळती होणारी सोय) बंद ठेवायला सुरुवात केली. आमचा अर्धा क्लस्टर (होस्टचा गट) रिबूट झालेला, अर्धा नाही. एचएलई आणि आरटीएम (टीएसएक्सचेच दोन भाग) दिसणाऱ्या होस्टवर सुरू झालेल्या व्हीएम न दिसणाऱ्यांवर जाईनात. कारण कुणीतरी सगळीकडे होस्ट-मॉडेल (होस्टच्या सीपीयूला जे येतं ते व्हीएमला दाखवायचं) लावून ठेवलं होतं, "परफॉर्मन्ससाठी". त्या माणसाने तो परफॉर्मन्स कधीच मोजला नव्हता. क्लस्टरमधल्या सगळ्यात जुन्या होस्टला चालेल असं एक नाव असलेलं मॉडेल लावा, हे मी तेव्हाही सांगत होते. मशीन टाइपचंही (व्हीएमला दाखवायच्या मदरबोर्डचं नाव) तसंच. नुसतं क्यू३५ लिहिलं की व्हीएम डिफाइन करतानाच त्याचं त्या दिवशीचं सर्वांत नवं व्हर्जन होतं, आणि काही डिस्ट्रो तर त्यात स्वतःचं नाव घालतात. ते नाव दुसऱ्या डिस्ट्रोच्या क्यूएमूला माहीतच नसतं.

सीपीयूसाठी निदान व्हर्शमध्ये (लिबव्हर्टच्या कमांड टूलमध्ये) हायपरवायझर-सीपीयू-कम्पेअर आहे, आधी विचारून बघता येतं. फर्मवेअरसाठी रविवारी मी स्वतः स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक व्हीएमचा लोडर (कोडची फाइल), टेम्प्लेट, एनव्हीरॅम, तिन्हींचे आकार, आणि कोड व टेम्प्लेटचा चेकसम, दोन्ही होस्टवर. पंचवीस ओळी. या पंचवीस ओळी आधी हातात असत्या, तर सगळं शुक्रवारीच दिसलं असतं.

२ एमबीच्या दोन्ही फाइली आता प्रत्येक होस्टवर आमच्या स्वतःच्या पॅकेजमधून जातात. काल टिकेट आलं: "ऑडिटमध्ये दोन जुन्या, वापरात नसलेल्या फर्मवेअर फाइली आढळल्या, काढून टाकू का?" वापरात नसलेल्या नाहीत. त्यांच्यावर पाच व्हीएम उभ्या आहेत. हात लावायचा नाही.