खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून नागपूरचा उन्हाळा थंड होत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. तीनदा मी तो सोडून दिला. चौथ्यांदा आला तोवर तो माझ्या आत्याकडेही गेला होता आणि तिने तो खरा मानून घरात अमलात आणला, म्हणून आता लिहायला बसलोय.

मेसेज थोडक्यात असा: घरातल्या सगळ्या खिडक्यांना आतून पारदर्शक प्लास्टिक फिल्म लावा, कडेने दुहेरी चिकटपट्टी मारा, हेअर ड्रायरने ताणून घ्या. खोली दहा-बारा डिग्रीने थंड होईल. अमेरिकेत घरोघरी हेच करतात, एसीवाले तुम्हाला सांगत नाहीत. खिडक्या दिवसरात्र बंद ठेवा, बाथरूमची झडपही प्लास्टिकने बंद करा, एकही फट सोडू नका. फिल्म नसेल तर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म चालेल. धूळ, डास, अतिनील किरण सगळं बंद. आणि एकदा लावली की हिवाळ्यातही काढू नका.

सगळ्यात आधी ‘एकही फट सोडू नका’ याबद्दल, कारण बाकीच्या बहुतेक मुद्द्यांनी फार तर पैसे वाया जातात. याने माणूस आजारी पडतो.

आत्या एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. बाल्कनीकडच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर. बाकीच्या तिन्ही खिडक्या तिने शेजारच्या मुलाकडून फिल्म लावून बंद करून घेतल्या होत्या. मी दुपारी चारला पोचलो तर कूलर पूर्ण वेगात सुरू, आणि समोरच्या खिडकीवरची फिल्म आतल्या दाबाने काचेवर चप्प दाबली गेलेली. फरशी पायाला चिकटत होती. टीपॉयवरचं वर्तमानपत्र ओल्या कापडासारखं लोळागोळा झालं होतं. दोन रात्री तिला झोप नव्हती, सकाळी उठताना चक्कर आली होती, आणि तरी मी खिडकीकडे गेलो तर म्हणते, “उघडू नको रे, सारी झळ आत येते.”

कूलर कसा चालतो हे विदर्भात कुणाला सांगावं लागू नये, पण लागतंय. ताट्यांवरचं, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवती जाळ्यांवरचं, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. मे महिन्यात नागपूरची दुपारची हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४५ असताना चांगल्या ताट्यांतून ३० च्या आतबाहेरची हवा मिळते. पण ही हवा दमट असते. ती समोरच्या खिडकीतून बाहेर गेली तरच मागून नवी कोरडी हवा ताट्यांतून आत येते. वाट बंद केली की ओल खोलीतच साचते, आणि दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळणं हाच शरीराचा कूलर आहे. म्हणजे आत्याच्या घरात दोन्ही कूलर एकदम बंद पडले होते, आणि तिला वाटत होतं की आपण उन्हाळ्याचा बंदोबस्त केला.

रात्रीचं तर त्याहून वाईट. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो. दहा-अकरानंतर बाहेरची हवा खोलीपेक्षा थंड होते, तेव्हा खिडक्या सताड उघडायच्या असतात. आपल्या आज्या नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, हेच करायच्या: दिवसा दारं-खिडक्या ओढून घ्यायच्या, रात्री उघडायच्या. मेसेजने यातलं निम्मं उचललं आणि उरलेलं निम्मं कायमचं चिकटवून टाकलं.

आता त्या दहा-बारा डिग्री. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता येते, त्याचं सूत्र तिच्यात दिलंय. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या गटात येतं, तिथे काचेतून नुसत्या झिरपणाऱ्या उष्णतेचा गुणक आहे १.८५, आणि काचेतून आत शिरणाऱ्या उन्हाचा ६८.९९. साध्या एकेरी काचेचे आकडे या गुणकांशी गुणले की झिरप येते साधारण ११, ऊन येतं ५५ (चौरस मीटर काचेमागे वॅट). पाचपट. पारदर्शक फिल्म आणि काच यांच्यात हवेचा थर अडकतो, त्याने झिरप जवळपास निम्मी होते, हे मान्य. म्हणजे ६६ मधले पाच-सहा वाचले. ऊन पारदर्शक प्लास्टिकमधून जवळजवळ तसंच आत येतं. त्यात स्लॅब धरलेलाच नाही, त्याची मर्यादा संहितेत वेगळी आहे, आणि वरच्या मजल्यावर खरा ताप तोच देतो. दहा-बारा डिग्री यातून कुठून काढल्या?

त्याच संहितेत आणखी एक अट आहे, आणि ती फॉरवर्ड करणाऱ्यांनी दोनदा वाचावी. संमिश्र हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के इतकी जागा खिडकी-दारांतून उघडता आली पाहिजे. थंड प्रदेशांना हीच अट ८.३३ टक्के आहे. आपल्याला जास्त उघडं घर हवं, कमी नाही, हे नियमातच लिहिलंय.

अमेरिकेचा मुद्दा अर्धा खरा आहे. माझी मावसबहीण मिनियापोलिसला असते, ती दर नोव्हेंबरला खिडक्यांना फिल्म लावते आणि तिला फरक पडतो. पण तिथे बाहेर उणे २०, आत हीटरवर २०. चाळीस डिग्रीचा फरक, आणि जुन्या चौकटींच्या फटींतून बोचरा वारा. आतली ऊब अडवायला ती फिल्म आहे. आपल्याकडे बाहेर ४५, आत ३५. फरक दहाचा, आणि घरात अडवून ठेवावं असं काही नाही. वसंत आला की ती फिल्म काढून टाकते, हेही मेसेजात नाही.

एसीच्या खोलीत फटी बुजवल्या तर एसीला थोडी मदत होते, नाकारत नाही. काळपट किंवा चकाकणारी सन कंट्रोल फिल्म ऊन अडवते, पण ती वेगळी वस्तू आहे. धूळ कमी येते, खरंय. डासांना जाळी पुरते. क्लिंग फिल्म उन्हात सैल पडते आणि लोंबते, त्यावर जास्त लिहीत नाही.

‘हिवाळ्यातही काढू नका’ मात्र सोडता येत नाही. बंद घरात गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी चालली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, धूर दिसत नाही, माणूस झोपेतच जातो. बाथरूमची झडप प्लास्टिकने बंद करा असं सांगणाऱ्याने हे पाठवण्याआधी विचार करायला हवा होता.

पैसे खर्च करायचेच असतील तर गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. ऊन काचेच्या बाहेर अडवा: बांबूची चिक, हिरवी जाळी, वाळ्याचा पडदा, काहीही. काच तापल्यावर आतून केलेला उपाय उशिराचा असतो.

आत्याच्या समोरच्या खिडकीची फिल्म मी तिथल्या तिथे काढली. पडदा बाहेरच्या बाजूला उडायला लागला तशी ती खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसली. ज्यांनी लावलीय त्यांनी आज रात्रीच काढा, कूलरच्या समोरची खिडकी आधी. चिकटपट्टी ओढून काढू नका, चौकटीचा रंग निघतो. त्याच हेअर ड्रायरने गरम करा आणि कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा.