चोर सोडून सेन्सरला फाशी

मागच्या बंपरात ए, बी, सी, डी असे चार पार्किंग सेन्सर असलेली गाडी रिव्हर्समध्ये टाकली की डिस्प्लेवर उमटतं, 'सेन्सर सी एरर'. सोबत एक लांबलचक बीप, आणि तिचा सूर असा की सी सेन्सर तुम्हीच रात्री उपटून खाल्लात. माणूस घाबरून नवा सेन्सर बसवतो. डिस्प्ले शांतपणे म्हणतो, 'सेन्सर सी एरर'.

डिस्प्लेला तरी काय बोलणार? कंट्रोल बॉक्सने सी सॉकेटात हाक मारली आणि ओ आली नाही, एवढीच बातमी त्याच्यापर्यंत पोचते. ओ देणारा गचकला की मधला रस्ता खचला, हे त्याला कुठून कळणार? सेन्सर बिचारा साधा जीव. ४० किलोहर्ट्झच्या आसपास थरथरायचं आणि प्रतिध्वनी ऐकायचा. मीटरभर अंतरावरच्या भिंतीवरून आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांत परत येतो. इतकं चोख काम करणाऱ्यावर पहिला संशय घेणं मला पटत नाही. माझा पहिला संशय कायम जोडावर.

इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली, गियर रिव्हर्समध्ये. आता एकेका सेन्सरला कान लावा. जिवंत सेन्सर बारीक टिकटिक करतो. बंपरला कान लावून ओणवं बसलेल्या माणसाकडे लोक बघतात, बघू द्या. आणि चिखल असेल तर आधी पुसा. चिखलामुळे सहसा खोटी बीप येते, 'एरर' नव्हे, पण पुसायला काय जातं?

एक जण गप्प सापडला, तर डिकीचं पॅनल काढून कंट्रोल बॉक्स गाठायचा. पॅनलच्या क्लिपा मोजून ठेवा. प्रत्येक वायरवर चिकटपट्टी लावून ए, बी, सी, डी लिहा. नाहीतर नंतर डावीकडच्या खांबासाठी गाडी उजवीकडे ओरडेल. मग फक्त बी आणि सीचे प्लग आपापसात बदला. एरर बीवर गेली तर सेन्सर, त्याची वायर किंवा मधला जोड दोषी. सीवरच ठाण मांडून राहिली तर बॉक्सचं सॉकेट. दोन मिनिटांचं काम, पण लोक ते सोडून नवा सेन्सर विकत घेतात.

बऱ्याच किटांत बंपरमागे आणखी एक जोड असतो, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या थेट वाटेत. तो उघडून उजेडात धरा. पिनेवर हिरवट पापुद्रा दिसला की समजा, पाणी आत मुक्कामाला होतं. कधी पिन चकाचक असते, पण एकच मागे सरकून बसलेली. प्लग बाहेरून घट्ट, आत नुसती हूल. कधी रबरी वॉशर दुमडलेला. ब्लेडने खरवडू नका, मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या ग्रीसचा, पातळ हात फिरवा आणि 'टक्' ऐकू येईपर्यंत दाबा. 'टक्' आला नाही तर जोड लागलेला नाही, हात कितीही सांगो.

चारही सेन्सर एकदम मेले तर त्यांच्याकडे बघूही नका, पुरवठा बघा. बहुतेक किटं रिव्हर्स लाइटच्या वायरवरून वीज उचलतात आणि तो जोड अनेकदा नुसता पिळून टेप गुंडाळलेला असतो. उन्हाने टेपचा गोंद पाघळतो आणि तारा मोकळ्या होतात. मल्टिमीटरने लाइटपाशी मोजा, मग बॉक्सपाशी. तिकडे १२ आणि इकडे १०.५ व्होल्ट, तर दीड व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ला. मग अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला स्क्रूने जोडलेली बॉक्सची ऋण वायर. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉक्सच्या अर्थपर्यंत, किट चालू असताना, ०.२ व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थ खोटा. पुष्कळदा स्क्रू रंगावरच आवळलेला असतो आणि रंगातून वीज जात नाही. तेवढी जागा घासून धातू उघडा करा.

काही नव्या गाड्या लाइटला वीज तुकड्या-तुकड्यांत देतात. मीटर सरासरी दाखवून 'सगळं आलबेल' म्हणतो आणि इकडे बॉक्स दर क्षणी नव्याने जागा होतो. तिथे ती वीज सलग करणारा फिल्टर किंवा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हवा. टेपचे आणखी वेढे देऊन भागत नाही.

आणि दोष लपंडाव खेळत असेल तर वायरी हलवणारा एक आणि डिस्प्ले बघणारा दुसरा, अशी जोडी लागते.

"गेली का?"

"गेली!"

"काय गेली, एरर की लाइट?"

"मघाशी एरर, आता लाइट!"

'गेली' म्हणजे काय, हे आधीच ठरवून घेतलेलं बरं. ज्या वायरीला हात लावताच एरर जाते ती दुरुस्त झालेली नसते, सापडलेली असते. तिथेच जोड कापा, नव्याने क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून जोडा, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा.

बंपर लावण्याआधी चारही सेन्सरसमोर पुठ्ठा धरून पाहा, जोडावर बाटलीने पाणी मारा आणि पुन्हा पाहा. मग पॅनल. काढताना क्लिपा ७ होत्या, लावताना ५ भरतात. उरलेल्या दोनची एरर मात्र कुठल्याच डिस्प्लेवर येत नाही.