खुलासा: कॅरिबियन म्हणजे एकच देश नव्हे

‘यॉटवर असलात की कॅरिबियन बेटांत पासपोर्ट लागत नाही, सगळा एकच देश’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ एक, म्हणून आपला असा समज होतो.

युनियन बेट सेंट व्हिन्सेंट या देशाचं, समोर दिसणारं कॅरियाकू बेट ग्रेनाडा या दुसऱ्या देशाचं. मध्ये जेमतेम काही मैल पाणी, तरी युनियनच्या क्लिफ्टन बंदरात निघाल्याची नोंद आणि पलीकडे नव्याने प्रवेश घ्यावाच लागतो. तोवर बोटीवर पिवळा झेंडा, म्हणजे प्रवेशाची नोंद अजून बाकी. सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन एकटा कप्तान किनाऱ्यावर जातो, बाकीचे बोटीवरच थांबतात. शिक्के बसले की पिवळा उतरतो, ग्रेनाडाचा चढतो.

बेक्विया बेट ते टोबॅगो केज ही छोटी बेटं, हा प्रवास मात्र (नावात टोबॅगो असलं तरी) सेंट व्हिन्सेंटच्याच हद्दीत. तिथे पुन्हा नोंद नको. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.